सास्तूरला जाणारा ओटीपी

आमच्या लोहाऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं कुठलंही काम निघालं की ते मुनवर सरांच्या गळ्यात पडतं. मुनवर सर म्हणजे मी. शिकवतो भूगोल, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी शिपाई आधी मलाच शोधत येतो. त्यामुळं प्राचार्य राजनंदिनी मॅडमनी यंदापासून सगळ्या असाइनमेंट ऑनलाइन घ्यायच्या असं जाहीर केलं, तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी वरवर चिडलो आणि आतून खूश झालो.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते सगळं उभं केलं. प्रत्येक विषयाचं पान, त्यात असाइनमेंट टाकायची जागा, शेवटची तारीख, आणि ती उलटली की कुलूप. एकाच्या नावानं दुसऱ्यानं काही टाकू नये म्हणून लॉगिनला ओटीपी ठेवला. विद्यार्थ्यानं नाव टाकलं की नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे जाणार, ते दहा मिनिटांत भरायचे, नाहीतर बाद. मोबाइल नंबर मी प्रवेशाच्या वेळी दिलेलेच घेतले, आणि तिथंच माशी शिंकली.

आमच्याकडं प्रवेश घेताना पोरं स्वतःचा नंबर देतच नाहीत. कुणी बापाचा देतो, कुणी चुलत्याचा, आणि लग्न झालेल्या पोरी नवऱ्याचा. त्यामुळं ओटीपी जायचे उसाच्या फडात नाहीतर उमरग्याच्या जीपमध्ये, आणि पोरं लॅबमध्ये बसून फोनवर ओरडायची, "आबा, मेसेज बघा की! न्हाय, ते न्हाय, त्याच्या वरचा!" चार दिवस मी ते ऐकलं. मग एकेकाला बोलावून नंबर बदलून द्यायला लागलो.

त्यातच शिवप्रियाची पाळी आली. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, फार न बोलणारी. सासर सास्तूरचं, म्हणून कॉलेज लोहाऱ्याचं. तिचा नवरा मल्लिनाथ मला आठवत होता. प्रवेशाच्या वेळी तोच पुढं होऊन फॉर्म भरत होता आणि ही मागं उभी होती. मागल्या वर्षी मोटरसायकलवरून घरी येताना हायवेवर तो गेला. सव्वा महिना झाल्यावर वडील तिला बेंबळीला, माहेरी घेऊन गेले. तेव्हापासून ती एसटीनं कधीतरी यायची. खरं सांगायचं तर ऑनलाइनचा उपयोग कुणाला व्हायचा असेल तर तो तिलाच होता.

"नंबर सांग, बदलून टाकतो," मी म्हटलं.

"राहू द्या सर. हाय तोच राहू द्या."

"हा कुणाचा आहे?"

"ह्यांचा."

मी विचारलं, "मग फोन कुणाकडं असतो?"

"आत्याकडं. सासूबाईंकडं. सास्तूरलाच हाय."

म्हणजे ही बेंबळीत बसून लॉगिन करणार, आकडे सास्तूरला जाणार, तिथं म्हातारी ते वाचणार आणि हिला कळवणार. सगळं दहा मिनिटांत. माझा पारा चढायला एवढं पुरतं. "अगं, याला काय अर्थ आहे? असाइनमेंट राहिली तर मार्क कोण देणार?"

"त्या सांगतात सर," ती म्हणाली, कॉम्प्युटरवर आपलं नाव टाकलं आणि तिथंच फोन लावला.

दोन्ही हातांनी टाइप करायचं म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. पलीकडून हॅलो नाही, काही नाही. फक्त एक जाड, थकलेला आवाज आला. "चार." मग बराच वेळ काही नाही. "सात. आनी एक सात." आकड्याआकड्याला थांबत तो आवाज शेवटापर्यंत आला. "झालं का?"

"झालं आत्या."

पलीकडं कोंबडी ओरडल्याचं ऐकू आलं. मग तोच आवाज म्हणाला, "जेवलीस का?"

"व्हय."

फोन बंद झाला. शिवप्रियानं डोळे पुसले नाहीत की काही नाही, स्क्रीनकडं बघतच मला सांगितलं. तिच्या सासूला, सिद्धम्माला, अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. मेसेज आला की त्या खडूनं आकडे दारावर लिहून ठेवतात आणि मग फोन उचलतात. धाकट्या दिरानं पुण्याला जायच्या आधी त्यांना मेसेज कसा उघडायचा ते शिकवून ठेवलं होतं.

"मी माहेरी निघाले तवा आत्या म्हणाल्या, माजं पोरगं गेलं आन तू बी चाललीस, आता तुजं माजं बोलनं संपलं. वरीसभर माजा फोन उचलला न्हाय सर. पहिल्या ओटीपीला उचलला. कालिजाचं काम हाय म्हणलं म्हणून ठेवला न्हाय. मी शिकावं असं ह्यांच्या मनात लई व्हतं, ते त्यांना ठावं हाय."

मी नंबर बदलला नाही.

पुढची असाइनमेंट माझ्याच विषयाची होती. आपल्या गावातल्या पाण्याच्या जागांचा नकाशा काढायचा. विहिरी, आड, ओढे, आटलेले असतील तर तेही. शिवप्रिया बेंबळीत राहून सास्तूरचा नकाशा काढायला बसली. मी विचारलं तर म्हणाली, "माझं गाव तेच हाय." त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसलेलं नवं गाव तेवढं तिनं पाहिलेलं, सरळ गल्ल्या, सारखी घरं. जुन्या गावातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ते सिद्धम्माला माहीत होतं.

म्हणून ती आकडे झाले की एक प्रश्न विचारायची. जुनी वेस कुठं होती? आड गोडा होता का? सिद्धम्मा आधी एका शब्दात सांगायची, मग दोन वाक्यांत. काम असो नसो, ही रोज लॉगिन करायला लागली. मला ते सिस्टिममध्ये दिसायचं: लॉगिन झाली, काही उघडलं नाही, बाहेर पडली. कशासाठी ते मला माहीत होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

जानेवारीत शेवटची तारीख आली. संध्याकाळी पाचला कुलूप पडणार होतं. त्या दिवशी शिवप्रियानं दुपारपासून ओटीपी मागायला सुरुवात केली आणि सास्तूरचा फोन कुणी उचलेना. एकामागून एक ओटीपी गेले आणि बाद झाले. पाच वाजले. तिचा नकाशा तिच्याकडंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोनवर रडत होती. याच मार्कांवर तिचं वर्ष अवलंबून होतं. मला भयंकर राग आला; तिचा नाही, त्या यंत्राचा आणि ते बसवणाऱ्या माणसाचा. मी तिच्यापुरतं कुलूप उघडलं. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून त्याच तिरमिरीत सगळ्यांचा ओटीपी बंद करून टाकला. एका चौकोनातली खूण काढली, सेव्ह दाबलं, झालं. पाच मिनिटांत तिचा नकाशा आला.

"बघ, किती सोपं झालं," मी फोनवर म्हटलं.

"व्हय सर," ती म्हणाली.

पोरं खूश झाली. मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. महिनाभरानं शिवप्रिया कॉलेजात आली, तेव्हा लॅबच्या दारात बराच वेळ उभी होती. मी आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, ते ओटीपी परत सुरू न्हाय का व्हायचं?"

"आता? पोरं मारतील मला!" मी हसून म्हणालो.

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि स्टँडकडं गेली.

ते "जेवलीस का?" मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी ओटीपी बंद म्हणजे त्या दोघींचं बोलणं बंद, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कौतुक झालेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड नीट दिसत नाही, तसं माझं झालं होतं.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी मी लॅबमध्ये एकटाच होतो. शिपाई एका म्हातारीला घेऊन आला. हिरवं लुगडं, कपाळाला भस्माचं इबित, गळ्यात दोरीनं बांधलेली कापडाची पिशवी. सास्तूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली, अंगावर धूळ होती.

"तुमीच का ते नंबर पाठिवनारं सर? म्या सिद्धम्मा. शिवप्रियाची सासू."

मी उठून खुर्ची पुढं केली. "बसा मावशी."

"बसाया न्हाय आले." ती उभीच राहिली. "त्या दिशी म्या रानात व्हते, ज्वारीवरची पाखरं राखाया. फोन घरी चार्जिंगला. सांच्याला येऊन बगते तर तिचे लई फोन येऊन गेल्ते, आन नंबरावर नंबर पडल्ते. समदे दारावर लिव्हले. तिला सांगाया बसले तर तिचा फोनच न्हाय आला. शेवटला नंबर अजून पुसला न्हाय म्या. तवापसनं एक बी नंबर न्हाय."

"मावशी, ते—"

"माजं ऐका सर. म्या चुकले. माज्यापायी तिचं काम बुडालं, म्हनून तिनं दुसऱ्या कुनाचा नंबर दिला का? दिऊ द्या, तिचं चुकलं न्हाय. पन तिला एकडाव म्हना, आता फोन गळ्यात असतुया." तिनं पिशवीवर हात ठेवला. "रानात बी, देवळात बी. पुन्यांदा असं हुयाचं न्हाय. नंबर माज्याकडंच पाठवा म्हना."

ही बाई महिनाभर आपल्याला शिक्षा झाली असं समजत होती, आणि ती शिक्षा मी एका खुणेनं दिली होती. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

मी तिला स्पष्ट सांगितलं. चूक तुमची नाही, तिचीही नाही. मी नंबरच बंद केलेत, सगळ्या कॉलेजचे. तिचं काम बुडालं नाही. मग तो नकाशा काढून स्क्रीन तिच्याकडं वळवली. ती वाकून बघायला लागली.

"ह्यो आड," तिनं काचेवर बोट ठेवलं. "हितं काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. "जुन्या गावातला आमच्या घरामागचा आड. माहिती सांगणाऱ्या: माझ्या सासूबाई सिद्धम्मा."

"आमच्या घरामागचा, असं लिव्हलंय तिनं?"

"व्हय."

आता ती खुर्चीवर बसली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी माठातलं पाणी आणून दिलं, ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

"मावशी, तुम्हीच लावा की तिला फोन," मी म्हटलं.

"आन काय म्हनू? बोलनं म्याच तोडलं व्हतं सर. कशाला केला म्हनली तर काय सांगू? नंबर असला म्हंजे बोलाया येतंय."

मी कॉम्प्युटरवर बसलो. शिवप्रियाचं नाव काढलं आणि तिच्या एकटीच्या नावापुढं ओटीपीची खूण परत केली. नंबर तोच होता. मग तिला फोन लावला.

"लॉगिन कर."

"आत्ता? काय काम हाय सर?"

"मी सांगतोय म्हणून कर."

मी फोन ठेवला. सिद्धम्मा पिशवीतून फोन काढून दोन्ही हातांत धरून बसली होती. मल्लिनाथचा तो साधा बटणांचा फोन, मागं चिकटपट्टी लावलेला. जरा वेळानं तो टुंग वाजला. ती दचकून उठली.

"खडू हाय का?"

लॅबमध्ये एक जुना फळा आहे. मी खडू दिला. तिनं बटणं दाबून मेसेज काढला, आणि एकदा फोनकडं, एकदा फळ्याकडं बघत सहा आकडे मोठे मोठे लिहिले. शेवटचा आकडा लिहिते न लिहिते तोच फोन वाजला. तिनं तो कानाला लावला. नेहमीप्रमाणं हॅलो नाहीच. पण आकडेही नाहीत.

पलीकडचा आवाज मला ऐकू आला. "आत्या? नंबर आलाय का तुमच्याकडं?"

"आलाय."

"सांगा की."

सिद्धम्मानं फळ्याकडं बघितलं.

"सांगते की. पळून चाललाय व्हय नंबर? आदी तू सांग, जेवलीस का? आन आवाज असा का ग तुजा? रडतीस का काय?"

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. तासाची घंटा झाली, पोरं या वर्गातून त्या वर्गात गेली, परत शांत झालं. माझा तास होता, मी दुसऱ्या सरांना हात करून वर्गावर पाठवलं. आतून कधी त्यांच्या घरातलं कन्नड, कधी मराठी ऐकू येत होतं. मध्येच मल्लिनाथचं नाव आलं.

मी दार थोडं उघडून बघितलं. सिद्धम्मा फळ्याजवळ उभी होती. फोन कानाला, डोळे लाल. पदराच्या टोकानं ती फळ्यावरचे आकडे पुसत होती. मला बघून तिनं फोन जरा बाजूला धरला.

"सर, ह्यो नंबर बाद झाला म्हनं. ती दुसरा पाठिवतीया."

"पाठवू द्या मावशी," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.