श्वासाचा धवला

मी लॅपटॉप बोलतोय. सापगावातल्या एका घरात, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा आहे. माझं वय झालंय. झाकणाची एक बिजागरी तुटली आहे, पडद्यावर उभी रेघ आली आहे आणि चार्जरची पिन निघाली की मी जागच्या जागी बंद पडतो. म्हणून चालू आहे तोवर सांगून टाकतो.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. हातमोजे घातलेली बोटं आणि डोक्यावरचा पांढरा उजेड, एवढंच. नंतर ठाण्यातल्या एका ऑफिसात काही वर्षं गेली. तिथली माणसं दिवसभर माझ्याकडे टक लावून बघायची, पण मी त्यांना दिसत नसे. नवी यंत्रं आली तेव्हा आम्हा जुन्यांच्या आतलं सगळं पुसून आम्हाला विकून टाकलं. शहापूरच्या बाजारात एका दुकानाच्या काचेच्या कपाटात मी पडून होतो. तिथून कुंडलिकने मला आपल्या मुलीसाठी घरी आणलं.

कुंडलिक भातसानगरला धरणाच्या कामावर होता. त्याची मुलगी कुणाली मुरबाडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. घरात तिसरं माणूस म्हणजे कुणालीची आई, सरस्वतीबाई.

सरस्वतीबाई धवलारीण होती. त्यांच्या समाजातल्या लग्नांत मांडव घालण्यापासून हळद लावण्यापर्यंतचे विधी गाण्यांतून पार पडतात. ती गाणी म्हणजे धवले, आणि ते गाणारी बाई धवलारीण. भिवंडीपासून शहापूरपर्यंत सरस्वतीबाईला बोलावणं असायचं. सोबत काशी असायची. काशी तिच्याहून मोठी. एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची, असं दोघींचं वर्षानुवर्षं चाललेलं.

हे मला घरातल्या बोलण्यावरून कळलं. मी या घरात आलो तेव्हा सरस्वतीबाईचा आवाज गेलेला होता. घशाच्या कॅन्सरमुळे मुंबईच्या इस्पितळात तिचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. आता ती नाकातोंडाने श्वास घेत नसे. गळ्याच्या खाली एक भोक होतं, त्यातून श्वास जायचा आणि यायचा. त्यावर ती कायम सुती रुमाल बांधायची. बोलायचं असलं की नुसते ओठ हलवायची. कुणालीला ओठ वाचता येत. कुंडलिकला अर्धंच कळे, मग तो "हां हां" म्हणून उठून जाई.

ऑपरेशननंतर ती कुणाच्या मांडवात गेली नव्हती. गावात सनई वाजू लागली की ती खिडकी लावून घ्यायची.

कुणालीच्या कॉलेजात एक कार्यशाळा झाली. तिथे तिला संगीत तयार करायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकवलं. ते तिने माझ्यावर घातलं. उघडलं की पांढरं पान दिसायचं. त्यावर चौकोनी डबे काढायचे. एक डबा आवाज तयार करतो, दुसरा तो लहानमोठा करतो, तिसरा तो थोड्या वेळाने परत ऐकवतो. एका डब्यातून दुसऱ्यात माऊसने तार ओढायची. तार जोडली की आवाज पुढे जातो, काढली की थांबतो.

कुणाली अभ्यासाला बसली की सरस्वतीबाई भाजी निवडत मागे बसायची. एक दिवस तिची भाजी तशीच राहिली.

"बघतेस काय आई? ये, कर तू."

आईने मान हलवली. पण पोरगी उठून पाणी प्यायला गेली, तशी तिने माऊस हातात घेतला. एक तार ओढली ती थेट उलटी. आवाज परत ऐकवणाऱ्या डब्याचं तोंड त्याच डब्याला जोडलं. आवाज स्वतःवरच चढत गेला आणि मी असा किंचाळलो की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. कुंडलिक धावत आला.

"काय फुटलं गो?"

सरस्वतीबाईनेही घाबरून तोंड उघडलं होतं. तिच्या तोंडातून काहीच आलं नाही. किंचाळी सगळी माझीच. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. कुणालीने नंतर सांगितलं, इस्पितळातून आल्यापासून ती हसली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

तेव्हापासून दुपारी मी तिचा झालो. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती डब्यांवरच्या अक्षरांच्या आकारावरून ओळखायची. चुकायची, पुसायची, पुन्हा काढायची. कुणाली कॉलेजातून आली की आईने काय केलंय ते ऐकायची. कधी नुसती घरघर असे, कधी ठोके. कुणाली खरं सांगायची, "हे चांगलं नाय झालं आई." आई मान डोलवायची आणि सगळं पुसून टाकायची. माणसं केलेलं काम इतक्या सहज पुसत नाहीत, हे मी ऑफिसात पाहिलं होतं.

मग कुणालीचं लग्न ठरलं. मुलगा मितेश, भिवंडीकडचा. घरात आनंद होता, पण एक प्रश्न कुणी तोंडातून काढत नव्हतं. धवलारणीच्या पोरीच्या मांडवात धवले कोण म्हणणार?

कुंडलिक काशीला सांगून आला. काशी हो म्हणाली. त्या संध्याकाळी सरस्वतीबाई जेवली नाही.

कुणालीच्या मनात वेगळंच होतं. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओत आईचा आवाज होता. तिने तो वेगळा काढला, साफ केला, माझ्या पानावर एका डब्यात ठेवला. तार जोडली आणि आईला हाक मारली.

"आई, डोळे मिट. ऐक."

मी वाजवू लागलो. तो आवाज मीही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड, कोरडा, कुठेही न अडखळणारा. सरस्वतीबाईने शेवटपर्यंत ऐकलं. डोळे उघडले, माऊस घेतला आणि ती तार काढून टाकली. घर शांत झालं.

"अगो, तुझाच आवाज आहे. हळदीला हाच लावू."

आईचे ओठ हलले. कुणालीला कळलं, पण तिने मुद्दाम विचारलं, "काय?"

आईने पुन्हा, सावकाश ओठ हलवले. गाणारी ती बाई गेली, एवढंच ते म्हणत होते.

कुणाली रडायला लागली. "मग माझ्या हळदीला कोण गाणार? तू नुसती बसून राहणार? मला नाय चालणार आई."

सरस्वतीबाईने मानेमागे हात नेला आणि रुमालाची गाठ सोडली. नवऱ्यासमोरही ती रुमाल सोडत नसे. तिने टेबलावरचा, मला जोडलेला छोटा माईक उचलला, गळ्याच्या भोकाजवळ धरला आणि माझ्याकडे बोट केलं.

मी तिचा श्वास ऐकला. खरखरीत, ओलसर, मध्येच अडकणारा. बाहेर पडताना थोडा लांबणारा.

त्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर नावाचा डबा असतो. श्वासाच्या आवाजात सगळेच सूर थोडेथोडे मिसळलेले असतात. फिल्टर बाकीचे अडवून हवा तो एकच पुढे सोडतो. कुणालीने एक फिल्टर काढला, त्याला माईकची तार जोडली. श्वास आत गेला आणि माझ्या स्पीकरमधून एक सूर बाहेर आला. बारीक, हवेने भरलेला. पण सूर.

कुणालीने रुमाल उचलून आईच्या हातात दिला. आईने तो बाजूला ठेवला.

पुढचे दिवस कठीण होते. धवल्याची चाल मोजक्या सुरांत फिरते, तरी तेवढे फिल्टर जुळवणं सोपं नव्हतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला कळ दाबावी लागे, आणि श्वास संपायच्या आत ती दाबली नाही तर ओळ तुटे. सरस्वतीबाईला खोकला आला की माझ्यातून गोळीबारासारखा आवाज निघे. कधी ती दमून भिंतीला टेकायची. कुंडलिक दारात उभा राहून म्हणायचा, "पुरे कर आता, जिवाला त्रास कशाला?" ती हाताने त्याला जायला सांगायची.

काशीला कळलं तेव्हा ती घरी आली. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सरस्वते, ह्याच्यात शब्द कुठं हायत? देवाचं नाव नाय, मांडवाचं नाय, पोरीचं नाय. शब्दांशिवाय धवला कसला? आणि मशीनबरोबर मी नाय गाणार. राग धरू नको."

सरस्वतीबाईने राग धरला नाही. काशीचं म्हणणं तिला पटलं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. त्या दिवशी तिने काहीच वाजवलं नाही, नुसते डबे बघत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा माईक उचलला.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवाच्या खांबाजवळ पाटावर मला ठेवलं, वायर घरातून ओढून आणली. समोर कुणाली चौरंगावर बसली. बायका जमल्या. काशी पुढेच बसली होती, पण पदर ओढून, खाली बघत.

सरस्वतीबाईने सगळ्यांसमोर रुमाल सोडला. एका बाईने मान फिरवली. एकीने लेकराचे डोळे झाकले. सरस्वतीबाईने माईक गळ्याशी धरला.

पहिली ओळ माझ्यातून बाहेर पडली. मांडवात कुणी हललं नाही. दुसरी ओळ गेली. बायकांना चाल ओळखू आली असावी, कारण काहींचे ओठ उघडले आणि मिटले. पण कुणी गायलं नाही. ओळ संपे, शांतता पसरे, पुन्हा श्वास. तिची छाती भरून येत होती. तिसऱ्या ओळीला श्वास मध्येच तुटला.

तेव्हा कुणाली गायला लागली. नवरीने आपल्याच हळदीत गायचं नसतं. तिचा आवाज काही आईसारखा नव्हता, सूरही हलत होता. आईने पुन्हा श्वास घेतला, कुणालीने तिच्यामागे शब्द लावले. दोन ओळी झाल्या असतील.

"थांब गो," काशी म्हणाली. पदर मागे गेला होता. "चुकतेस. आधी गावदेवीचं नाव घ्यायचं, मग मांडवाच्या उंबराचं. घे पुन्हा पहिल्यापासून."

आणि तिनेच सुरुवात केली. सरस्वतीबाईने ओळ सोडायची, काशीने उचलायची. हळद लागून संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. कुंडलिक मांडवाबाहेर पाठ करून उभा होता, तो शेवटपर्यंत वळला नाही.

त्यानंतर जग बदललं असं मी सांगणार नाही. पाहुण्यांतल्या काहींनी नावं ठेवली, शुभकार्यात असला श्वास कशाला म्हणाले. काहींनी मोबाईलवर व्हिडिओ काढले, ते थोडे दिवस फिरले आणि विसरले गेले. सरस्वतीबाईला दुसऱ्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. कुणाली सासरी गेली. जाताना माझ्यातले सगळे डबे तिने आपल्या नव्या यंत्रात उतरवून घेतले आणि मला आईजवळ ठेवलं.

मागच्या महिन्यात दारात एक जोडपं आलं. सिद्धगडाच्या पायथ्याचं. बाईचं नाव बारकी, तिचा नवरा नवसू. त्याचंही स्वरयंत्र काढलेलं. इस्पितळातल्या तपासणीच्या रांगेत बारकीची आणि सरस्वतीबाईची ओळख झाली होती.

"बाय, ह्यो घराबाहेर निघत नाय. जेवत बी नाय नीट," बारकी म्हणाली. "तू काय तरी करतेस म्हणं."

नवसू भिंतीकडे तोंड करून बसला होता. सरस्वतीबाईने आधी स्वतःचा रुमाल सोडला. मग त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याने खूप वेळ घेतला. शेवटी गाठ सोडली. तिने माईक धरला, एक फिल्टर जोडला आणि मी त्याचा श्वास वाजवला. खोल, रुंद, तिच्या श्वासापेक्षा अगदी वेगळा.

बारकी दचकली. "ह्यो कोनाचा आवाज?"

सरस्वतीबाईने नवसूच्या छातीवर बोट ठेवलं. नवसूने माझ्या स्पीकरवर तळहात ठेवला आणि पुन्हा श्वास सोडला. मग पुन्हा.

आता ते दर आठवड्याला येतात. नवसूला गाणं येत नाही आणि शिकायचंही नाही. त्याला रानात गुरांना घालायची ती हाक हवी आहे. तेवढीच. तो माऊस मुठीत गच्च आवळतो, तार ओढताना मध्येच सुटते, चिडून उठतो, परत येऊन बसतो.

माझी तुम्हाला एकच विनंती. माझी घरघर ऐकून कुणी मला भंगारात काढायचं म्हणालं, तर थोडं थांबा म्हणावं. नवसूची तार अजून दुसऱ्या डब्यापर्यंत पोचलेली नाही. तेवढी पोचू द्या, मग खुशाल पिन काढा.