गेटबुकातले दोन सहदेव

मृणालिनीबाई दिघ्यांना मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कोणाला घातल्या नाहीत. मनातल्या मनात हां. तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. आणि आजही रोज सकाळी भट्टी पेटवताना आधी त्यांचं नाव घेतो, मग देवाचं. बायको म्हणते, हे काही बरं नव्हे. म्हटलं, देवाला राग आला तर बघू काय ते, पण त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

साल छप्पन्न. साकीनाक्याला कोठारेशेठचा बँडेजचा कारखाना होता. कापड उकळायचं, धुवायचं, वाफेवर शुद्ध करायचं आणि गुंडाळ्या करून सरकारी इस्पितळांना पाठवायचं. वर्षाचं कंत्राट होतं. माल वेळेवर पोचला नाही तर ते दुसऱ्याला जाणार, असं त्यात साफ लिहिलेलं. चाळीस माणसांचं पोट त्या एका कागदावर, आणि अख्खा कारखाना माझ्या बॉयलरवर. बढाई नाही मारत. वाफ नाही तर काहीच नाही.

वाफेला कोळसा लागतो, आणि कोळसा तेव्हा पैसे टाकून हवा तेवढा मिळत नव्हता. कोणाला किती द्यायचा ते सरकार ठरवणार. दर सहा महिन्यांनी कोट्याचा अर्ज करायचा. त्याला कंत्राटाची नक्कल जोडायची, बॉयलरचा नंबर घालायचा, आणि बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाचं नाव नि त्याच्या सर्टिफिकेटचा नंबर. सर्टिफिकेटवाला माणूस नसेल तर बॉयलर पेटवायलाच कायद्यानं बंदी. हे सगळे कागद मृणालिनीबाईंच्या टेबलावर. ऑफिसात एकट्याच बाई, अंधेरीहून यायच्या, आणि कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय खाली ठेवायच्या नाहीत. आधीचा कारकून नक्कल बघून सही ठोकायचा, चहा प्यायचा, मोकळा. बाई आल्या आणि म्हणाल्या, "मला अस्सल सर्टिफिकेट दाखवा. खाली 'तपासलं' म्हणून सही माझी असते."

माझं सर्टिफिकेट अस्सलच होतं. शिक्का खरा, साहेबाची सही खरी. फक्त नाव माझं नव्हतं.

मी जयवंत लक्ष्मण राणे, गाव कणकवलीच्या बाजूला. सर्टिफिकेटावर सहदेव लक्ष्मण राणे. सहदेव माझा थोरला भाऊ. पंचेचाळीस साली त्याला गिरणीत बॉयलरवर कोळसा ओढायचं काम लागलं. दोन महिने झाले आणि गडी शिमग्याला गावी गेला. गिरणीत रिवाजच होता, भाऊ गावी गेला की त्याच्या हजेरीच्या तिकिटावर दुसरा भाऊ कामाला उभा राहायचा. मुकादमाला ठाऊक, पाळीतल्या सगळ्यांना ठाऊक, त्यात कोणाला पाप वाटायचं नाही. सहदेवाला गावी हिवताप झाला, मग वडील गेले, मग शेती कोण बघणार? तो तिकडेच राहिला आणि तिकीट माझ्याकडे. चार वर्षांनी गिरणीनं काही आगवाल्यांना परीक्षेला पाठवलं. मी पास झालो, आणि सर्टिफिकेट आलं सहदेवाच्या नावानं. आता काय करणार? तसाच साकीनाक्याला आलो. घरी जयवंत, कारखान्यात सहदेव. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि मला त्याची सवय झाली होती.

बाईंनी सर्टिफिकेट तीनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ह्यावरून तुमचं वय अडतीस होतं. तुम्ही तिशीचे वाटता." म्हटलं, "मालवणी माणूस, मासे खातो." त्या हसल्या नाहीत, पण कागद ठेवून घेतला. अर्ज पाठवायला बारा दिवस होते.

आणि दुसऱ्याच दिवशी सहदेव दादा गावाहून आला. खांद्यावर तांदळाचं पोतं, हातात फणस. कळवलं नाही, काही नाही. घाटकोपरला खोलीवर कुलूप दिसलं म्हणून विचारत विचारत सरळ कारखान्याच्या गेटवर. गेटवाल्यानं वही उघडली. कोणाला भेटायचंय? दादाला मी शंभरदा पढवलेलं होतं, कारखान्यात माझं नाव काय ते. त्यानं बरोबर सांगितलं, सहदेव लक्ष्मण राणे. मग गेटवाल्यानं विचारलं, तुमचं नाव? तर दादा म्हणतो, सहदेव लक्ष्मण राणे.

मी नंतर डोक्याला हात लावून विचारलं, "अरे दादा, असं कसं सांगितलंस?" तर म्हणे, "माका इचारल्यानी तुमचा नाव काय. आपला नाव कोण खोटा सांगता रे?"

गेटबुक रोज संध्याकाळी बाईंच्या टेबलावर जायचं. त्या दिवशी गेटवाला हसत हसत चार वाजताच घेऊन गेला. पाच मिनिटांत आम्हा दोघा भावांना बोलावणं. दादानं आत शिरताच फणस बाईंच्या टेबलावर ठेवला.

"बॉयलर तुमच्यापैकी कोणाला येतो?" बाईंनी विचारलं.

"ह्येका," दादा म्हणाला. "म्या दोन म्हयने कोळसो ओढलंय, त्येच्या फुडे आपली चूल."

मी सगळं ओकलो. सांगताना रडलो की काय ते आठवत नाही, पण हात जोडले हे आठवतं. म्हटलं, बाई, कुठे बोलू नका. अर्ज जाऊ द्या. अकरा वर्षांत माझ्या बॉयलरनं एक दिवस दगा दिला नाही.

"तुमच्या बॉयलरबद्दल मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "खोटं नाव मी अर्जात घालणार नाही. उद्या सकाळी आपण बॉयलर इन्स्पेक्टरकडे जायचं. तुम्ही, मी आणि हे खरे सहदेव."

म्हटलं, वाट लागली! ही बया मला तुरुंगात घालणार. नोकरी गेली, सर्टिफिकेट गेलं, आणि कोटा नाही मिळाला तर चाळीस माणसं माझ्या नावानं बोंब मारणार. आणि ती तरी कुठल्या नावानं मारणार? त्या रात्री मी जेवलो नाही. बायको, सुलक्षणा, म्हणाली, पळून जाऊ या गावाला. दादा पाटावर बसून भात जेवत होता, तो म्हणाला, "पळान काय करशील? गावात थयसर बॉयलर हा काय?"

कोठारेशेठला बाईंनी सकाळीच सगळं सांगितलं. शेठ कपाळ धरून बसले. म्हणाले, "मिस दिघे, हे कागद असेच जाऊ दिले असते तर?" बाई म्हणाल्या, "मग मी इथे कशाला आहे?" शेजारच्या साबणाच्या कारखान्यातून मार्तंड पवार नावाच्या, सर्टिफिकेटवाल्या बॉयलर अटेंडंटला आठवडाभर उसनं आणलं. त्याच्या हाताखाली मी साधा आगवाला म्हणून कोळसा घालायचा, असं बाईंनी लिहूनही ठेवलं.

इन्स्पेक्टर वेलिंगकर साहेब कडक माणूस. सगळं ऐकून सर्टिफिकेट खणात टाकलं आणि म्हणाले, "हे रद्द. केस करायला हवी तुमच्यावर."

बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "साहेब, तो लपून राहिलेला नाही, स्वतःच्या पायांनी आलाय. मंगळवारी तुमची परीक्षा आहे. त्याला बसू द्या."

"अनुभवाचा दाखला कुठाय? गिरणीत काम सहदेवच्या नावावर आहे."

"दाखला आणते."

"आणि हा पुन्हा खोटा निघाला तर जबाबदार कोण?"

मी शेठचं नाव ऐकायला कान टवकारले. बाईंनी पर्समधून पेन काढलं. "मी. लिहून देते." आणि दिलं की हो लिहून! साहेबांच्या समोर, त्यांच्याच कागदावर, खाली स्वतःची सही. माझ्यासाठी माझ्या सख्ख्या मामानंसुद्धा कधी सही केली नव्हती. तिथे बसल्या बसल्या मी घातलेल्या सगळ्या शिव्या माझ्याच घशात अडकल्या.

रविवारी आम्ही दहिसरला गेलो, नदीजवळच्या चाळीत. माझा जुना मुकादम जयराम परब तिथे राहत होता. म्हातारा ऐकेचना. "माझं नाव मध्ये येईल. मीच उभा केला होता ना याला भावाच्या जागी!" बाईंचा पारा चढला. "तेव्हा खोटं चालवून घेतलंत आणि आता खरं लिहायची भीती वाटते? हा माणूस अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावानं हाक मारली की ओ देतोय. तुम्हाला कोणी असं केलं असतं तर?" म्हाताऱ्यानं आतून चष्मा मागवला आणि लिहिलं: चार वर्षं भट्टीवर उभा राहिलेला माणूस जयवंत. लिहून झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चुकलं रे माझं." चूक काही एकट्याची नव्हती.

मंगळवारी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकड्यावर आम्ही दहाजण. शिपाई यायचा, नाव पुकारायचा. एकदा पुकारलं, कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. मी म्हणतोय, कोण बावळट आहे हा, उठत का नाही? तिसऱ्यांदा पुकारल्यावर बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अहो राणे, तुम्हीच जयवंत!"

आत तीन साहेब. एकानं विचारलं, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसत नाहीये, काय कराल? म्हटलं, साहेब, पाणी मुळीच आत सोडणार नाही, तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी गेलं तर सगळेच जाऊ. आधी आग मारीन. दुसऱ्यानं विचारलं, आग कशानं माराल? म्हटलं, ओल्या राखेनं. आणि काम थांबलं म्हणून मालकाला वाईट वाटलं तर वाटू दे. साहेब हसले. बाहेर आलो तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता, पण मला माहीत होतं की मी पास आहे.

शुक्रवारी नवीन सर्टिफिकेट हातात आलं. बाईंनी ते तीनदा वाचलं, मग टाइपरायटरमध्ये कोट्याचा अर्ज घातला. मुदत संपायला एक दिवस राहिला होता. नावाच्या रकान्यात त्यांनी माझं नाव टाइप केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "इथे सही करा."

मी पेन घेतलं आणि हात आपोआप चालला. सहदेव ल— इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. म्हटलं, आता ह्या बाई मला जिवंत सोडत नाहीत. सगळा अर्ज वाया गेला.

बाईंनी कागद उचलला, शांतपणे चार तुकडे केले आणि नवा कागद टाइपरायटरमध्ये घातला. पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळं टाइप केलं, बॉयलरचा नंबर, कंत्राट, सगळं. मी उभाच. कागद पुढे ठेवून म्हणाल्या, "सावकाश लिहा, जयवंतराव. मी थांबते."

मी लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, शाळेतल्या पोरासारखी. पण माझी होती, आणि बाईंनी त्याच्याखाली आपली सही केली.