आधी आतलं, मग बाहेरचं

"साहेब, त्या दोन ओळी कोणी काढल्या?"

साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "ताई, तेच तेच उगाळत बसू नका. सर्व्हर सुरू करा आधी."

उगाळत म्हणे! इस्पितळाचा एक्सरेचा सर्व्हर सकाळपासून आडवा पडला होता आणि उगाळत होते मी!

आमच्याकडे एका मोठ्या मशीनवर सगळे सर्व्हर फाइली करून ठेवलेले असतात. एक फाइल म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर, डिस्कसकट. त्या डिस्क लहानमोठ्या करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, मी नऊ वर्षांपूर्वी लिहिली. वाढवताना आधी डिस्क, मग तिच्यातलं पार्टिशन, म्हणजे माहिती ठेवायचा कप्पा. कमी करताना बरोबर उलटं, आधी आतलं आवरायचं, मग बाहेरून कापायचं. कपाट कापायचं तर आतले कपडे आधी काढतो ना, तसंच. म्हणून माझी स्क्रिप्ट आधी पूर्ण प्रत काढते, मग आत डोकावते, आणि आवरलेलं नसेल तर अडून बसते.

प्रत काढायला चार तास लागतात. साहेबांना वरून येणाऱ्या ऑडिटच्या आधी मोकळी जागा दाखवायची होती. मशीनच्या नोंदीत सगळं होतं: आदल्या रात्री, रविवारी, त्यांनी स्वतःच स्क्रिप्ट उघडली, प्रत काढणारी आणि अडवणारी अशा दोन ओळी पुसल्या आणि पाचशे जीबीची डिस्क तीनशेवर आणली. त्याच जागेच्या हव्यासापायी रोजचा बॅकअपही अकरा दिवसांपूर्वी त्यांनीच थांबवला होता.

मी डिस्क पुन्हा पाचशेची केली. आकार परत आला, पण कापलेल्या भागात नुसती शून्यं भरली होती. बॅकअपमधून जुने एक्सरे परत आणले, पण मधल्या अकरा दिवसांचे गेले, एकशे चौदा माणसांचे.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. अहवाल तयारच होता. 'कारण: स्क्रिप्टमधील दोष.' खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"दोष माझ्या स्क्रिप्टचा?"

"अहो, लिहायची पद्धत असते ती. तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तुम्हाला कोण काय करणार? माझं प्रमोशन अडकेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही खरं सांगते, पेन मी उचललं होतं. दोन वर्षं कशीबशी ढकलायची, कशाला वाद, असं मनात आलंच. त्या विचाराचाही मला संताप आला. "आधी फोन करते," म्हणून मी कागद बाजूला ठेवला. पेशंटना पुन्हा एक्सरेला बोलवायचं कामही अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं होतं.

बावीस फोन झाले. कोणी शिव्या दिल्या, कोणी नुसतं "बरं" म्हणालं. तेविसावा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला.

"हिच्यासाठी का? ती मंगळवारी गेली हो."

मी यादीत बोट ठेवून नाव पुन्हा वाचलं.

तेच पुढे म्हणाले, "तो फोटो मिळेल का मला? डॉक्टर दाखवणार होते. छातीत नेमकं काय झालं होतं, ते एकदा बघायचं होतं."

"नाही मिळणार, काका."

"का बरं?"

साहेब समोरच उभे होते. हळूच म्हणाले, "मशीन बिघडलं म्हणा."

"मशीन ठीक होतं, काका," मी मोठ्याने म्हणाले. "आमच्या साहेबांनी घाई केली. माझ्या स्क्रिप्टमधल्या सांभाळणाऱ्या ओळी पुसून डिस्क कापली. त्यात काकूंचा फोटो गेला."

साहेब तरातरा बाहेर गेले. दार आपटलं.

"म्हणजे आता ते कधीच कळणार नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी अहवालातलं 'कारण' खोडलं. काय झालं, कोणी केलं, किती वाजता केलं, सगळं हाताने लिहिलं आणि त्याखाली सही केली. मग स्क्रिप्ट उघडून त्या दोन ओळी जिथल्या तिथे टाकल्या.

यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना होता, पेशंट कधी येणार ते लिहायला. तेविसावा मी कोरा ठेवला आणि पुढचा नंबर लावला.