हिरवा फडका

अनंत खोताला मेळा भरवायची अक्कल होती, आणि मेळ्यात काही भलतंसलतं झालं तर काय करायचं याची अक्कल रत्नप्रभाला होती. एवढी वाटणी तरी त्यानं मोकळ्या मनानं मान्य केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत घाटकोपरच्या मैदानात त्याचा आनंदमेळा लागायचा. आकाशपाळणा, लहान मुलांची चक्री, बंदुकीनं फुगे फोडायचा गाळा, साड्यांचे आणि प्लॅस्टिकच्या बादल्यांचे गाळे, नि हे सगळं कनातीच्या आड, बांबूंच्या भरवशावर उभं. संध्याकाळी अर्धं घाटकोपर तिथं लोटायचं. राबणारी माणसं बहुतेक भटवाडीच्या चाळींतली, गिरण्यांच्या संपात घरी बसलेले पुरुष आणि त्यांच्या बायका. संप कधीच विरून गेला होता, पण गिरणीनं त्यांना परत काही बोलावलं नव्हतं.

रत्नप्रभा लग्नाआधी महिला होमगार्डमध्ये होती. त्या दिवसांची तिला एक खोड लागलेली, कुठंही गेली तरी बाहेर पडायचा रस्ता कुठं आहे ते आधी बघायची. लग्नाच्या मांडवात बघायची, सत्यनारायणाला गेली तरी बघायची. चाळ तिला त्यावरून हसायची. अनंतनं मात्र तिला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, परवानगी देताना साहेब लोक विचारतात, आग लागली तर तयारी काय? तुम्ही आमच्या माणसांना तेवढं शिकवून ठेवा."

तिनं ते मनावर घेतलं. नको तेवढं घेतलं, असं पुढं लोक म्हणाले. पण काम अंगावर घ्यायचं आणि ते उरकून टाकायचं, हे तिला जमत नव्हतं.

मैदानाला दारं दोन. पुढचं तिकिटाचं, अरुंद, बांबूंच्या अडसरांनी वाकडंतिकडं केलेलं. मागचं रुंद, सरळ रस्त्यावर उघडणारं. आग लागली की सगळे मागच्या दाराकडे धावणार आणि आगीनं मरायच्या आधी दारातच चेंगरून मरणार, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणून तिनं रीत ठरवली. घंटा झाली की ज्यानं त्यानं आपापल्या भागातल्या लोकांना खाली बसवायचं. तेवढ्यात पुरुषांनी हात धरून दोन बाजूंनी साखळी करायची, म्हणजे मधून दारापर्यंत मोकळी वाट होईल. साखळी कशी धरायची हे त्या पुरुषांना शिकवावं लागलं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ते दरवर्षी तेच करायचे. वाट झाली की साखळीचा म्होरक्या हिरवा फडका घेऊन येणार, एकेका भागापुढे धरणार, आणि तेवढ्याच भागानं उठायचं. चक्रीकडली बायकामुलं सगळ्यांत आधी.

म्होरक्या होता दशरथ, तिचा नवरा. तिनं त्याला निवडलं नव्हतं, माणसांनीच निवडलं. गिरणीत तो जॉबर होता, कामगारांचा मुकादम, माणसं त्याचं ऐकायची. संपानंतर मात्र हा माणूस खिडकीशी बसून बोलायचाच थांबला होता. कवायतीत त्याचा आवाज परत आला. सकाळी मैदान रिकामं असताना तो "धर रे, सहदेव, ढिला पडू नको!" म्हणून ओरडायचा, तेव्हा रत्नप्रभाला मनातून इतकं बरं वाटायचं की कवायत संपूच नये. फडकाही तिनं आपल्या लग्नातल्या हिरव्या साडीचा शिवला. साडी विरली होती, रंग मात्र तसाच होता.

"तुझा नवरा जेवायला हाक मारली तर अर्ध्या तासानं येतो," विनी तिला चिडवायची. "आगीत कधी येणार गं तो?"

"हे येतील," रत्नप्रभा म्हणायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. उखाण्यात घेतलं होतं तेवढंच.

विनी परेरा किरोळ गावठाणातली. दोघी होमगार्डमध्ये एकत्र होत्या, तेव्हापासूनची मैत्री. नाताळात विनीकडून तळलेल्या गोड फुग्यांचा डबा यायचा, गणपतीत इकडून मोदक जायचे. मेळ्यात तिला चक्रीवर तिकिटं फाडायला रत्नप्रभानंच लावलं होतं. "तू आहेस म्हणून येते," असं विनी म्हणाली होती. तिचा नवरा ज्युलियस नको म्हणत होता.

एका रविवारी भागातले एक पुढारी सहकुटुंब मेळा बघायला आले. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचे. बायका, सुना, नातवंडं, मागून कार्यकर्ते, असा मोठा लोंढा. अनंत तर त्यांच्यापुढं वाकून वाकून अर्धा झाला होता. त्यांच्यासाठी मागच्या दाराजवळ खुर्च्या टाकल्या होत्या, गाड्याही दारातच उभ्या होत्या. गाड्या बघून रत्नप्रभा तडक अनंतकडे गेली. तो म्हणाला, "दहा मिनिटांचा प्रश्न आहे, वहिनी." दशरथ तिथंच उभा होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ दे ना. तू चक्रीकडे जा. तिथं गर्दी वाढलीय."

ती गेली.

साड्यांच्या गाळ्यावर कुठंतरी वायर तापली. आधी जळक्या रबराचा वास आला, मग कनातीला आग लागली. मे महिन्यातलं वाळलेलं कापड ते, बघता बघता वरपर्यंत पेटलं. घंटा वाजली. रत्नप्रभाचा आवाज फुटला तो कवायतीतलाच. "बसा! खाली बसा सगळे! मुलांना मांडीवर घ्या. वाट होतेय. हिरवा फडका दिसला की आपण पहिले!"

आणि लोक बसले. हे नंतर कोणाला सांगितलं तर खरं वाटत नसे, पण बसले. एवढ्या बायका, कडेवर पोरं, डोळ्यांत भीती, आणि तिच्या तोंडाकडे बघत खाली बसून राहिल्या. चक्री थांबवून विनीनं मुलं उतरवून घेतली आणि तीही बसली.

धूर चक्रीकडे यायला लागला. फडका दिसेना.

"रत्ना, उठवू या यांना," विनी म्हणाली.

"थांब. वाट झाली नसेल. आता उठलो तर चेंगरू."

"धूर बघ ना!"

"हे येतील गं. बस. माझ्यावर विश्वास ठेव."

विनी बसली. एक पोर खोकून खोकून निळं पडायला लागलं. तेव्हा रत्नप्रभा विनीला म्हणाली, "यांना धरून ठेव, मी बघून येते," आणि पदर तोंडाला लावून मागच्या दाराकडे धावली.

साखळी झाली होती. अगदी तिनं सांगितली तशी, हातात हात, घट्ट. फक्त दाराकडे जाणारी वाट करायच्या ऐवजी त्या साखळीनं दारच वेढलं होतं. आत साहेबांची माणसं एकेक करून गाडीत बसत होती. कोणाची तरी चप्पल राहिली होती, एक सून नातवंडं मोजत होती. साखळीच्या बाहेर लोक ढकलत होते, रडत होते, आणि भटवाडीतली ओळखीची माणसं त्यांना छातीनं मागं रेटत होती. सगळ्यांच्या मध्ये दशरथ. हिरवा फडका त्याच्या खिशातून बाहेर लोंबत होता.

"अहो, वाट द्या! चक्रीकडली मुलं आहेत!"

"दोनच मिनिटं. साहेबांचं होऊ दे."

"मुलं गुदमरतायत!"

त्यानं मान फिरवली. मग रत्नप्रभा ओरडली. एवढ्या माणसांदेखत, लग्नानंतर पहिल्यांदा, नाव घेऊन ओरडली. "दशरथ! हात सोड!"

साखळीतल्या सहदेवची मान खाली गेली. दशरथनं हात सोडला नाही.

ती मागं वळेपर्यंत चक्रीवरचं छत पेटून खाली आलं होतं. बायका उधळल्या होत्या, एकमेकींवर पडत, पुढच्या वाकड्यातिकड्या दाराकडे, जिथं जाऊ नका म्हणून तिनं महिनाभर सांगितलं होतं. विनी छताखालून पोरं ओढून काढत होती. शेवटचं पोर निघालं तेव्हा तिच्या हातांवरची कातडी सुटली होती.

कोणी दगावलं नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या शिस्तीचं साहेबांनी कौतुक केलं होतं. त्या शिस्तीचं बक्षीसही लगेच मिळालं. आठवड्याच्या आत दशरथला पाणी खात्यात कायमची नोकरी लागली. चाळीत पेढे वाटायला तो स्वतः गेला. रत्नप्रभानं पेढ्याला हात लावला नाही, पण अजून तिची समजूत अशी होती की ऐनवेळी अनंतनं त्याच्यावर दबाव आणला असेल, नवरा घाबरला असेल. घाबरलेल्या माणसाला माफ करता येतं. ती तशी तयारीही करत होती.

म्हणून ती अनंतकडे भांडायला गेली. मैदानात जळके बांबू गोळा करत होते. अनंत आधी इकडचं तिकडचं बोलला, मग वैतागला.

"माझ्यावर कशाला तोंड टाकता, वहिनी? साहेब येणार म्हटल्यावर आम्ही वेगळी कवायत केली. दोनदा केली, तुम्ही घरी गेल्यावर. मी तर म्हणत होतो, वहिनींच्या कानावर घालू. तुमच्या मिस्टरांनीच नको म्हटलं. तिला सांगू नका, म्हणाले."

तिला पुढचं काही ऐकू आलं नाही. दोनदा. म्हणजे त्या दिवशी तो कवायतीहून दुपारी उशिरा घरी आला होता, तिनं भात गरम करून वाढला होता, आणि साखळी कशी झाली म्हणून कौतुकानं विचारलं होतं. "झकास," असं तो म्हणाला होता.

घरी दशरथ नव्या नोकरीची खाकी पँट झटकत होता. तिनं विचारलं, तेव्हा त्यानं नाकारलं नाही. तेवढं तरी नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला सांगितलं असतं, तर तू लोकांना बसवून ठेवलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच." तो खाली बसला. "सगळी गर्दी दारावर आली असती तर साखळी टिकली नसती. लोक तुझं ऐकतात, रत्ना. पण तुला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं तुझ्या. तुला खरं वाटत असलं तरच ते बसणार होते. आग लागेल असं कोणाला वाटलं होतं? नुसतं दाखवायचं होतं साहेबांना, की आमची माणसं कशी आहेत. तीन वर्षं खिडकीशी बसलोय मी. तू बघितलंयस."

तिनं बघितलं होतंच. तिच्या मनात आलं, हा माणूस आपल्याला किती नीट ओळखतो. सासू ओळखत नाही, आई ओळखत नव्हती, तितकं ओळखतो. आणि ती ओळख त्यानं काढून साहेबांच्या पायाशी ठेवली. तिला शिवी देऊन, हात उगारून कोणी दुखवलं असतं तर ती उभी राहिली असती. पण तिचा खरेपणाच कोणी बुचासारखा वापरला, यावर काय करायचं तिला कळेना.

"माझा ऐक," तो गावच्या बोलीत आला, गयावया करायची वेळ आली की यायचा तसा. "विनीकडे यातला काय बोलू नको. चौकशी चाललीय, ज्युलियस तापलाय. साहेबांचं नाव निघालं तर नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती किरोळला गेली. विनीला इस्पितळातून घरी आणलं होतं. ज्युलियसनं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. आतून विनीचाच आवाज आला, "येऊ दे तिला."

विनी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. रत्नप्रभाला बस म्हणून कोणी म्हटलं नाही, ती उभीच राहिली.

"रत्ना, एकच विचारते. खोटं बोलू नको. साखळी साहेबांसाठी होती, हे तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"नवरा तुझा. साखळीचा म्होरक्या. आणि तुला ठाऊक नाही? मी पोरांना घेऊन उठत होते गं. तू बस म्हणालीस." तिचा आवाज चिरकला. "इस्पितळात मी रोज तुला शिव्या घातल्या. ज्युलियस म्हणतो, दोघांनी ठरवून केलं, नोकरीसाठी. बोल ना. त्याला ठाऊक होतं की नाही?"

रत्नप्रभाला वाटेत सतरा उत्तरं सुचली होती. नोकरी डोळ्यांसमोर होती, नवऱ्याची सुटलेली खिडकी डोळ्यांसमोर होती. पण तोंड उघडलं तेव्हा जे होतं तेच बाहेर आलं.

"होतं. त्याला ठाऊक होतं. त्यानंच सगळ्यांना सांगितलं, रत्नाला कळू देऊ नका. मला खरं वाटलं तरच लोक बसतील, म्हणून."

ज्युलियसनं दारातून वळून बघितलं.  विनीचा रागानं ताणलेला चेहरा हळूहळू सैल पडला, आणि त्यातून काहीतरी दुसरंच वर आलं, ते रत्नप्रभाला रागाहून सोसवेना.

"म्हणजे तू खरंच वाट बघत होतीस त्याची," विनी म्हणाली.

"हो."

"अगं बाई." विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मी आपली म्हणत होते, माझ्या हातांची वाट लावली मेल्यांनी, पण निदान दोघं एकमेकांचे तरी आहेत."

इतके दिवस न आलेलं रडं रत्नप्रभाला तिथं आलं. ती पलंगाच्या कडेशी खालीच बसली. विनीनं तिला जवळ घ्यायला हात उचलले, पण कळ आली तसे ते पुन्हा उशीवर ठेवले.