खिडकीजवळच्या मशीनमधलं कार्ड

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी, तिला सोनेरी दात आणि केबल खुपसायला एक चौकोनी तोंड, असं जे जुनं नेटवर्क कार्ड, ते मी. कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाशी बोलतं करायचं, हे माझं काम. तरुणपणी माझा वेग असा, की एकदा प्रश्न पाठवायच्या आधीच उत्तर येऊन बसलं होतं. खोटं वाटत असेल तर पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा. कोणी उत्तर देणार नाही, पण करा.

त्याच पेठेतल्या एका दुकानातून कसब्याच्या कादरभाईंनी मला उचललं. वाघोलीत मच्छिंद्ररावांनी मुलींसाठी फुकट अभ्यासिका काढली होती. तिथले सात टाकाऊ कॉम्प्युटर कादरभाईंनी जिवंत केले. सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स, पण हाताला लागलं त्या जातीचं: कुठे डेबियन, कुठे उबुंटू, कुठे फेडोरा. नेटवर्कची माहिती प्रत्येक जण वेगळ्या फाइलीत, वेगळ्या रीतीनं मागायचा. कुठे काय लिहायचं, ते फक्त कादरभाईंच्या डोक्यात.

कार्ड बसवण्याआधी ते त्यावर पांढरी चिकटपट्टी लावत आणि कारखान्यानं दिलेला नंबर बॉलपेननं लिहीत. माझ्या नंबराचा शेवट चार-एफ-दोन-ए. माझी जागा खिडकीजवळच्या मशीनमध्ये.

पुढे कादरभाईंचं ते डोकंच गळायला लागलं. चहा पिऊन झाल्यावर ते चहा मागत. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, सबाला, बाजूला घेऊन सांगितलं.

मच्छिंद्ररावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले गमतीत म्हणाले, "कादरभाई, सात मशीन अन् सात तऱ्हा! उद्या तुमी आला न्हाईत, तर पोरींनी काय कौलं मोजत बसायचं?"

"आपल्या छपराला पत्रा आहे, मच्छिंद्रराव," कादरभाई म्हणाले. पण ते बोलणं त्यांना लागलं.

आठवत होतं तोवर त्यांनी कामाला हात घातला. एकच फाइल, तिच्यात साती मशीनची माहिती. आणि ती वाचून प्रत्येक लिनक्सला त्याच्या रीतीनं समजावणारा एक छोटा प्रोग्रॅम. फाइलीत प्रत्येक कार्डाला त्यांनी जुन्या सवयीनं ईटीएच-झिरो म्हटलं, लिनक्समधलं आमचं जुनं नाव. जन्मभर आम्हाला तेच म्हणत आले होते ना! नव्या लिनक्सनं मात्र आमची परस्पर दुसरीच बारशी केली होती, त्यामुळे फाइलीतलं नाव जुळेना. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि चार मशीन मुकी. मुली रडकुंडीला आल्या.

"अब्बा, नाव कशाला घेता?" सोबत आलेली सबा म्हणाली. "तुम्ही पट्टीवर लिहिता तो नंबर घ्या ना. तो कुठे बदलतो?"

कादरभाईंनी मशीन उघडून माझी पट्टी वाचली. "पूर्वी हे मला सुचलं असतं, बेटा," एवढंच बोलले. नंबर मात्र त्यांनी सांगितले आणि सबानं भरले. दुपारपर्यंत साती मशीन चालू. फॉर्म गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं तोंड सैल झालं, केबल धरेना. तोवर कादरभाईंचं वाघोलीला येणं थांबलं होतं. सबानं नवं कार्ड बसवलं, फाइलीतली एक ओळ बदलली आणि काम संपलं. मच्छिंद्रराव म्हणाले, "एवढंच? कादरभाई असते तर दिवसभर गुरगुरले असते." हसायला गेले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

मी भंगारात जाणार होतो. सबानं मला पर्समध्ये टाकून कसब्यात आणलं आणि वडिलांच्या हातात दिलं.

त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "चार-एफ-दोन-ए. खिडकीजवळचं मशीन. हे आमचं आहे." मग वर बघून अदबीनं विचारलं, "आपण कोण, बाई?"

माझ्या अंगातून आजवर करोडो निरोप गेले, मित्रांनो. त्या घटकेला मला एकही पोचवता आला नाही.

"मी सबा. तुमची मुलगी."

"सबा," ते म्हणाले. खिसा चाचपून पेन काढलं आणि माझ्या नंबराखाली लिहिलं: सबा, मुलगी. "लिहिलेलं बरं," म्हणाले. "हा नंबर बदलत नाही."

तुमच्याही घरात कुणाच्या तरी डोक्यात अशी एखादी फाइल असेल. आजच त्यांच्याशेजारी बसा आणि विचारून घ्या. मी इथे त्यांच्या उशाशी असतो. पट्टीवरची शाई घामानं पुसत जाते. दर रविवारी सबा त्या दोन शब्दांवरून पुन्हा पेन फिरवते.