हलू नका, तसेच बसा

साठीला टेकलेल्या बाईने तैलरंग शिकावेत का, यावर बरखेड्याच्या कारखाना-क्वार्टर्समध्ये बरीच चर्चा झाली. इंदुमतीबाईंनी कोणाचंही मनावर घेतलं नाही. नवरा कारखान्यातून रिटायर झालेला, मुलगी बंगलोरला. उभा जन्म पोळ्या लाटलेल्या हातांना आता दुसरं काहीतरी हवं होतं, आणि त्यात लोकांच्या बापाचं काही जात नव्हतं.

शिकवायला भालचंद्र आगाशे, ग्वाल्हेरचे जुने ड्रॉइंग मास्तर. त्यांची पद्धत एकच. रेम्ब्रांटने म्हातारपणी स्वतःचं काढलेलं चित्र समोर ठेवायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं.

"नाक म्हणू नका, ओठ म्हणू नका!" मास्तर खेकसायचे. "नाव दिलंत की संपलं. डोळे बारीक करा आणि नुसते उजेडाचे, काळोखाचे तुकडे बघा."

बाईंना हे उशिरा जमलं, पण जमलं तसं त्याचं वेडच लागलं. चित्रातला म्हातारा त्यांना पाठ झाला. त्याच्या डोळ्याखालची पिशवी, नाकावरचा तांबूसपणा, भुवईत अडकलेली काळजी. घरातला म्हातारा, म्हणजे विश्वनाथराव, घरच्या सरावाच्या वेळी शेजारीच पेपर वाचत असायचे. बाई त्यांना चहा द्यायच्या तोही चित्राकडे बघत.

मग तो रविवार आला. पोहे-जलेबी समोर ठेवून विश्वनाथराव खिडकीशी बसले होते. पोह्यांना हात लावलेला नव्हता. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला होता, गालाची घडी पुसली गेली होती, आणि त्या बाजूला काय सुरेख सावली पडली होती! थेट चित्रातल्यासारखी. बाईंनी घाईघाईने कागद आणि कोळसा आणला.

"अहो, हलू नका हं. तसेच बसा."

ते बसले. मध्येच काहीतरी बोलायला गेले, पण शब्द बोबडा आला.

"तोंड हलवू नका म्हटलं ना!" बाई करवादल्या.

त्यांनी डोळे बारीक केले होते. समोर ओठ नव्हता, गाल नव्हता, नवराही नव्हता. नुसते तुकडे होते, आणि ते तुकडे आयुष्यात पहिल्यांदाच हुबेहूब जमत होते. विश्वनाथराव खुर्चीतून कलले तेव्हा कुठे बाईंनी डोळे मोठे केले.

"कब से है ये?" हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं.

"पता नहीं. अभी देखा," बाई म्हणाल्या.

"थोड़ा पहले लातीं तो अच्छा रहता."

विश्वनाथराव वाचले. उजवा हात गेला आणि बोलणं तुटकं झालं. शेजारची उषा, इंदूरची, रोज डबा घेऊन यायची आणि रोज तेच म्हणायची, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून भाऊसाहेब बचावले. एकटे असते तर गेलेच होते हो." बाई मान डोलवायच्या. मग मोरीत जाऊन नळ सोडायच्या आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायच्या. क्लास त्यांनी सोडून दिला. मास्तरांना सांगितलं, वेळ होत नाही.

शेवटी सहन होईना. एका दुपारी विश्वनाथरावांना पेज भरवताना बाईंनी चमचा खाली ठेवला.

"अहो, त्या दिवशी तुमचं तोंड वाकडं झालेलं मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी चित्र काढत बसले."

विश्वनाथराव बराच वेळ शब्द गोळा करत राहिले. "मा... माहीत," ते म्हणाले. "हात... आधीच बधिर."

"मग उठला का नाहीत? ओरडायचं तरी माझ्यावर!"

"तू... बघत होतीस." ओठांतून पेज ओघळली, ती त्यांनी डाव्या हाताने पुसली. "इतका वेळ... कधी... बघितलं नव्हतंस."

एवढं बोलून ते बाईंकडे बघत राहिले. बाईंना मान वर करता येईना.