अंगठ्याची खात्री

कल्पना करा, तुमच्यासमोर रस्त्यात आडवं पडलेलं एक झाड आहे. त्यावर चेनसॉ घरघरतोय, धूर निघतोय, पण लाकूड काही कापलं जात नाही. बारकी आत्ता नेमकं हेच बघत उभी होती. यंत्र तिच्या बाबांच्या हातात होतं. एरवी पांढरा भुसा भसाभसा उडायचा; आज नुसता करपल्याचा वास.

"भावोजी, लाकूड कापताय की शेकताय?" मामा म्हणाला. यंत्र त्याचं, कामंही तोच आणायचा. "बोटं ठीक आहेत ना? नसतील तर उद्यापासून वखारीच्या फाटकावर राखणीला बसा. तुमच्या जिवाचा घोर लागलाय मला."

"बोटांना काय धाड भरलीय? धार गेलीय." बाबांनी यंत्र बंद केलं. "बारके, चल, कानस दे."

शेजारच्या वखारीत त्यांनी यंत्र फळीवर ठेवलं. यंत्राची दातेरी साखळी बसवताना बाबा कधी बघत नसत. दातांवरून अंगठा फिरवला की धार कुठल्या बाजूला ते त्यांना कळायचं. बारकीला मात्र त्यांनी बघायलाही शिकवलं होतं: साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या वरच्या अंगाला धार टोकाकडे हवी.

इथे धार हँडलकडे होती.

"बाबा, साखळी उलटी बसलीय."

"काहीतरीच! सकाळी हात फिरवूनच बसवलीय." हातमोजा काढून त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. "ही बघ, सरळ आहे."

पट्टीवर रक्ताचा थेंब पडला. बाबा फळीवर कानस शोधत होते. मग दुसरा थेंब पडला, तेव्हा त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. कापल्याचं त्यांना जाणवलंच नव्हतं.

"मामाला सांगू नकोस." हातून कप फुटला की बारकीचा आवाज जसा व्हायचा, तसा त्यांचा झाला होता.

बारकीनं रुमाल त्यांच्या अंगठ्याला घट्ट बांधला. साखळी निवल्यावर हातमोजे चढवले, पान्यानं नट सोडवले, साखळी उलटून नीट बसवली, ताण पाहिला. पट्टीवरचं रक्त पुसलं.

"शाब्बास," बाबा हलकेच म्हणाले. "दे आता."

बाहेरून मामानं हाक मारली, "झालं का, भावोजी?"

बारकीनं पट्टीवर म्यान चढवलं, बाबांचा रुमाल बांधलेला हात आपल्या हातात धरला आणि म्हणाली, "मामा, जरा आत ये."